दवेचं पेव

त्या उन्हाळ्यात मी धाराशिवहून गावी आले तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मामाकडं राहून मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत पोचलेली आमच्या गावातली मी पहिलीच, त्यात भाषणाच्या चढाओढीत पहिली आलेली. येडशीपासून आमचं गाव दोन कोस. त्या दोन कोसांत मी आप्पांना माझं भाषण दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "शिवकांता, पुरे आता. बैलांना पाठ झालं."

आप्पा म्हणजे माझे वडील, रेवणप्पा. गावात त्यांचं मीठमिरचीचं लहानसं दुकान. तोलून द्यायचं आणि तोलून बोलायचं, असा त्यांचा लौकिक होता. माझ्या आईला, उमाबाईला, आम्ही अव्वा म्हणतो. आणि त्या साली घरात गौराक्का होती, माझी थोरली बहीण. तिला ईट गावी दिलेली. सातवा लागल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती.

गावात पाऊल टाकल्यापासून मला एकच गोष्ट ऐकू येत होती : दवेचं पेव.

आदल्या पावसाळ्यात पटकीनं एकोणीस माणसं गेली होती. बरा दवाखाना म्हणजे बार्शीला, इंग्रजांच्या हद्दीत, आणि तिथं आमचा निजामी हाली रुपया चालत नव्हता, इंग्रजी कलदारच लागायचा. म्हणून अण्णाराव पाटलांनी काढलं, की गावानं मिळून जवारीचं एक पेव भरायचं. आमच्याकडं जमिनीत आड खणल्यासारखं खणून त्यात धान्य साठवतात, तेच पेव. त्यातली थोडी जवार आधीच विकून कलदार आणून ठेवायचे, एक बैलजोडी घ्यायची आणि पाटलांची दमणी तिला जोडायची. दमणी म्हणजे छपराची हलकी गाडी, नुसती माणसं बसायची. जो आजारी पडेल त्याला दमणीतून येडशीला न्यायचं, तिथून आगगाडीनं बार्शीला. खर्च वाढला तर पेव उघडायचं.

सोमवारी सकाळी मारुतीच्या पारावर सगळा गाव जमला. शाळेचे गुरुजी लग्नाला गेले होते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. वही मांडीवर घेऊन मी आप्पांच्या मागं बसले.

पहिला आवाज धोंडीबातात्यांचा. पाच एकर खडकाळ रान, आणि स्वतःची बैलजोडी दोन सालांमागं मेलेली.

"सरकार लेव्हीला पोती उचलून न्हेतंय," ते म्हणाले. "मंग दवाखाना बी सरकारनंच द्यावा की. आमी दोनदा कामून घालायची?"

"सरकार देईल तवा देईल," अण्णाराव म्हणाले. "पटकी थांबती व्हय सरकारसाठी?"

"बरं. मंग ज्याचं रान मोठं त्यानं जास्त घालावी. ज्याच्याकडं न्हाईच, त्यानं न्हाय घातली तरी चालावं. आजार काय रान बघून येतो?"

"म्हंजे आमी घालायची आन् तू खोकायचं?" बंडप्पा म्हणाले. त्यांची साठ एकर काळी. सगळा पार हसला. मीही हसले.

मांगवाड्यातला बिभीषण पाराच्या खाली, ऊन लागेल तिथं उभा होता. त्यानं तिथूनच विचारलं, "आमी घालायची का न्हाय, मालक?"

मग कुणीतरी म्हणालं, "तुमची येगळी ठिवावी लागंल."

"मंग दमणी बी येगळी का?"

"ते पुढं बघू," अण्णाराव म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

मग पुन्हा तेच सुरू झालं. घरटी का माणशी, सारखी का रानाप्रमाणं, न घालणाऱ्याचं काय. तास गेला. कुणी तपकीर ओढत होतं, कुणी उठून बैल पाजून आलं. मांडीवरची वही मी खाली ठेवली. आणि मी उठून उभीच राहिले.

"मी बोलू का?"

"बोल की, सातवी!" मागनं कुणीतरी ओरडलं.

मी बोलले. आमच्या शाळेत पाण्याचा रांजण आहे, म्हणाले. आधी कुणीही प्यायचं आणि कुणीही भरायचं, म्हणजे कुणीच भरत नव्हतं. पिणाऱ्या चाळीस, भरणाऱ्या आम्ही तिघी. मग बाईंनी कायदा केला, की जी घागर आणेल तीच पिईल. तेव्हापासून रांजण एक दिवस कोरडा पडला नाही. तसंच इथं माणशी एक पायली घ्या, आणि ज्याचं नाव यादीत त्यालाच दमणी. आजारी पडल्यावर कुणी पायली घेऊन धावत आला तर ती घ्यायची नाही. घेतली तर पुढच्या साली आधी कुणीच घालणार नाही.

"आन् जिचा हात मोडलाय तिनं घागर कशी आणायची?" धोंडीबातात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता.

मला उत्तर लगेच सुचलं. मला तेव्हा सगळ्याची उत्तरं लगेच सुचत. "हात मोडायच्या आधी आणली असती की, तात्या!"

पार असा हसला की पारावरची कबुतरं उडाली. "रेवणप्पा, पोरगी वकील हुनार बगा!" बंडप्पा म्हणाले. हात वर झाले. माझा कायदा पास झाला. अण्णाराव, बंडप्पा, माझे आप्पा आणि आणखी दोघं असे पाच पंच नेमले. यादी पुरी झाली की पेवाचं तोंड शेणामातीनं लिंपायचं, ते पुढच्या चैत्रापर्यंत नवी पायली घ्यायला उघडायचं नाही.

त्या दिवशी मी घरी आले ते जवळजवळ नाचतच. गौराक्कानं माझी दृष्ट काढली आणि म्हणाली, "आता नवरा कसला मिळंल गं तुला? बोलू तर द्यायची न्हाईस."

यादी करायला मी आणि आप्पा घरोघर फिरलो. सुरुवात आमच्याच घरापासून केली. आप्पा, अव्वा, मी. तीन पायल्या. गौराक्का समोरच सुपात जवार घोळत बसली होती.

"अक्काचं लिहू?" मी विचारलं.

"येडी का काय," अव्वा म्हणाली. "ती ईटची."

"मी तर पाव्हणी," अक्का हसून म्हणाली. "पाव्हण्याला चहा पाजा, पायली कसली?"

आप्पा मात्र हसले नाहीत. "दिलेली लेक बापाच्या घरात मांडत न्हाईत, शिवकांता. उद्या व्याही ऐकतील. म्हणतील, पोर परत घेतली का?"

मला ते पटलं. माहेरच्या यादीत नाव म्हणजे नांदत नसल्याचा बोभाटा. आम्हालाच काय, सगळ्या गावाला ते पटलं होतं. त्या साली गावात माहेरी आलेल्या चार लेकी होत्या, एकीचंही नाव कुठल्या बापानं घातलं नाही. आणि सुना मात्र मोजून घातल्या. त्यातल्या तीन पोटुशा होत्या आणि तिघी आपापल्या माहेरी गेलेल्या. हे असं उलटं झालंय हे मला तेव्हा दिसलं नाही, आप्पांना नाही, पाच पंचांपैकी एकालाही नाही.

धोंडीबातात्यांच्या घरात चार माणसं. ते, बायको लक्ष्मीबाई, पाच वर्षांची सगुणा, आणि म्हातारी आई विठाबाई. त्यांनी दोन पायल्या पुढं ठेवल्या.

"दोनच?" मी विचारलं.

"बाकीची लेव्हीत गेली." त्यांनी पायलीवरची जवार हातानं सारखी केली. "लक्ष्मी लिव्ह. आन् पोरगी लिव्ह."

"तुमचं?"

"मला काय हुतंय?"

"आणि आईचं?"

विठाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "मला कशाला लिव्हतीस गं बाय? माझं सगळं खाऊन झालंय. आता आचवायचं तेवढं ऱ्हायलंय." आणि तोंडात एकही दात नसताना खदखदा हसली.

दमणी हाकायला धोंडीबातात्याच ठरले. बैलाचा तसा हात गावात दुसऱ्याला नव्हता.

पेव लिंपून पंधरा दिवसही झाले नसतील. विठाबाईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, मग गुडघ्यापर्यंत काळा पडला. धोंडीबातात्या आप्पांकडं आले. "दमणी माझ्याच हातात हाय, रेवणप्पा," ते म्हणाले. "तरी इचारायला आलोय."

पंच त्यांच्या दारात गेले, तिघं. अण्णाराव, बंडप्पा आणि आप्पा. मला यादी घेऊन बोलावलं. आतून विठाबाईचं कण्हणं येत होतं.

"वाच, पोरी," अण्णाराव म्हणाले.

मी वाचलं. "धोंडीबाचं घर. लक्ष्मीबाई. सगुणा."

"पुढं?" धोंडीबातात्यांनी विचारलं.

"पुढं बंडप्पांचं घर येतं."

"आत्ता घालतो की. चार पायल्या घालतो. कुणाची तरी मागून आणतो."

"दुखायला लागल्यावर सगळेच घालतील," बंडप्पा म्हणाले. हे तर माझंच म्हणणं होतं. खोटं कशाला लिहू? तिथं उभी असताना, आत म्हातारी कण्हत असताना, माझं म्हणणं एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी ऐकून मला बरं वाटलं.

आप्पा खाली बघत म्हणाले, "एकासाठी मोडला तर नेम ऱ्हात न्हाय, धोंडीबा. समजून घे."

धोंडीबातात्यांनी कुणाची तरी ओझ्याची जडगाडी मागितली आणि कलदार नव्हते म्हणून दुसऱ्या दिवशी आईला धाराशिवच्या वाटेला लावलं. पहिल्या ओढ्यापाशीच गाडी परत फिरली. त्या सबंध दिवसात दमणी पाटलांच्या वाड्यात उभी होती, आणि तिच्या बैलांना संध्याकाळी वैरण घालायला धोंडीबातात्याच आले.

वैशाख संपत आला तेव्हा महसुलाचा गिरदावर आला. लेव्हीचं धान्य तीन दिवसांत कळंबला पोचवायचा हुकूम होता. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या आणि बहुतेक गडी त्या वाटेला लागले. त्यात दोघं पंचही होते. मागं राहिली ती दमणी, कारण तिच्यावर पोती चढत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, दिवस उगवायला, गौराक्का बाळंत झाली. मुलगी! द्वारकाबाई सुईणीनं मला आत बोलावून ते लाल, ओलं, रागावलेलं बोचकं हातात दिलं. मी तिला तिथंच बाराखडी शिकवायला घेतली. अक्का थकलेली होती, पण हसत होती. "हिला बी सातवी कर गं बाई," ती म्हणाली.

द्वारकाबाई मात्र हसत नव्हती. वार पडली नव्हती. तिनं पोट चोळलं, अक्काच्या तोंडात केसांचा बोळा धरून ओकारी काढायला लावली, गरम पाणी दिलं. वार येईना, आणि रक्त थांबेना. धारही नव्हती ती, नुसतं झिरपणं. पण एक लुगडं भिजलं, मग दुसरं. ऊन उंबऱ्यावर आलं तेव्हा द्वारकाबाई हात पुसत बाहेर आली.

"आता माझ्या हातचं न्हाय. बार्शीला हलवा. बाराची गाडी गाठा."

अव्वा आप्पांना म्हणाली, "दमणी आणा."

आप्पा उंबऱ्यापाशी बसले होते, ते बसूनच राहिले.

"ऐकू आलं का? दमणी आणा!"

"कुठल्या तोंडानं आणू?" आप्पा म्हणाले. "विठाबाईच्या दारात मी उभा होतो, उमा."

"तुमचं तोंड तुमच्यापाशी ठिवा. माझी पोर चाललीया."

आप्पा उठले. पागोटं घातलं, वहाणा घातल्या, आणि अण्णारावांकडं निघाले. मी मागं पळाले. अण्णाराव ओसरीवर दाढी करून घेत होते. ऐकलं तसे ताडकन उठले. "अवो, मग इचारताय काय? न्या की! गावात हाय कोण इचारणारं?"

"मी हाय," आप्पा म्हणाले. "यादीत नाव न्हाय तिचं. निदान तीन पंचांचं एक मत पायजे. बंडप्पाला बोलवा."

"बंडप्पा मळ्यात हाय."

"बोलवा."

आणि मला माझ्या आप्पांचा अभिमान वाटला! स्वतःच्या लेकीसाठी नियम वाकवत नाहीत असे माझे आप्पा. ऊन डोक्यावर चढत असताना, पाटलांच्या ओसरीच्या खांबाला टेकून, मी असा विचार करत होते. बंडप्पांना आणायला गेलेला गडी लवकर येईना. मळा अर्ध्या कोसावर. आप्पा पुतळ्यासारखे बसलेले. अण्णाराव दोनदा म्हणाले, "रेवणप्पा, येळ चाललाय." आप्पा दोनदा म्हणाले, "असंच धोंडीबाला थांबवलं होतं."

मग मला राहवेना आणि मी घरी पळाले. दारात अव्वा तिसरं लुगडं पिळत होती. मोरीतून लाल पाणी अंगणात आलं होतं आणि कोंबडी त्यातून चालत गेली. आत अक्काचे ओठ पांढरे झाले होते, कागदासारखे. तिनं मला बघून विचारलं, "गाडी आली का गं?" तिचा आवाज लांबनं आल्यासारखा होता.

मी परत वाड्याकडं गेले नाही. धोंडीबातात्यांच्या घरी गेले. ते दारात बसून दोर वळत होते. येताना मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि तिथं एक अक्षर निघेना. मी नुसती उभी राहून रडायला लागले.

त्यांनी दोर खाली ठेवला. "बाळंतिणीला बसवायची का निजवायची?"

"काय?"

"निजवायची असली तर खाली कडबा पसरावा लागंल. बोल लवकर."

"निजवायची."

ते माझ्या पुढं पळाले. वाड्यात शिरले, कुणाकडं न बघता बैल सोडले, दमणीला जुंपले. आप्पा ओसरीवरून म्हणाले, "धोंडीबा, बंडप्पा येतोय. मत हुऊ दे."

"तुमी घ्या की मत," धोंडीबातात्या म्हणाले. "म्या जाऊन येतो."

आम्ही अक्काला गोधडीत गुंडाळून दमणीत निजवलं. अव्वा, द्वारकाबाई आणि मी बसलो. बाळाला शेजारच्या शिवाबाईकडं दिलं. आप्पा मागनं चालत येत होते, मग पळत, मग वळणावर दिसेनासे झाले.

धोंडीबातात्यांनी बैलांना एकदाही मारलं नाही. नुसते त्यांच्याशी बोलत होते, आणि दमणी उडत होती. खडबडीत वाट आली की म्हणत, "सांभाळ गं माय," ते बैलांना का अक्काला कळत नव्हतं. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं पाणी मागितलं. द्वारकाबाई म्हणाली ओठ तेवढे ओले कर. मी केले.

"कुठं आलो?" अक्कानं विचारलं.

"रामलिंगाचा डोंगर दिसायला लागला अक्का. आलंच ठेसन."

"थंडी वाजतीया."

वैशाखाचं ऊन होतं. छपराचं कापड हाताला भाजत होतं. मी तिच्यावर माझा पदर घातला, अव्वानं तिचा घातला. मग बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मी बोलत राहिले. शाळेतलं, मामाकडचं, काहीही. मला वाटत होतं मी बोलत राहिले तर ती ऐकत राहील. द्वारकाबाईनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली, मग गळ्यावर ठेवली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पुरे गं बाळा."

अव्वा ओरडली तेव्हा धोंडीबातात्यांनी बैल आवरले. येडशीच्या बाजूनं आगगाडीची शिट्टी आली. ते खाली उतरले, बैलांच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि किती तरी वेळ त्यांच्या कपाळावर हात ठेवून तसेच राहिले. मग दमणी वळवली.

वाटेत आप्पा भेटले. अनवाणी होते. वहाणा कुठं तरी पडल्या होत्या. "माघारी वाड्यात गेलो, बंडप्पा आला, तिघांचं मत झालं," ते म्हणाले. "न्यायला हरकत न्हाय म्हणाले." मग त्यांनी अव्वाचा चेहरा बघितला.

ईटची माणसं तिसऱ्या दिवशी आली. आमच्या सुनेची माती आम्हाला न विचारता कशी केली, यावरून सासरे बोलले, आप्पा ऐकून घेत राहिले. बाळाचं काय म्हणून अव्वानं विचारलं, तर म्हणाले, मुलगी आहे, राहू द्या थोडी मोठी होईपर्यंत. मी तिला शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून चोखायला द्यायचे. ती चोखायची, ओकायची, परत चोखायची.

चौदाव्या दिवशी पारावर बैठक झाली. आप्पा उभे राहिले. "दमणी माझ्या घरासाठी नेमाबाहेर गेली. दंड लावा. आन् मला पंचातनं काढा."

"दंड कसला, रेवणप्पा? बसा खाली," अण्णाराव म्हणाले. "नेमच चुकला हुता. लेकी धरायलाच पायजे हुत्या."

"व्हय, व्हय," चहूकडून आलं.

मग मी उठले. या खेपेला कुणी ओरडलं नाही, सगळे माझ्याकडं कणवेनं बघत होते आणि ते मला सहन होत नव्हतं. मी म्हणाले, यादीच नको. त्या दिवशी गावात जो कुणी असेल, सून, लेक, पाव्हणा, मांगवाड्यातला, ज्यानं घातली तो आणि ज्याला घालता आली नाही तो, सगळ्यांना दमणी. ज्याचं रान मोठं त्यानं जास्त घालावी.

"पोरी, तुझं दुःख आमाला कळतंय," बंडप्पा मऊ आवाजात म्हणाले. "पण असं केलं तर पेव सालभर बी टिकनार न्हाय. हिसाब तुलाच ठावं हाय. लेकीपुरतं बघू."

तेवढंच ठरलं. माहेरी आलेल्या लेकीची एक पायली बापानं जास्तीची घालावी, म्हणजे ती यादीत. त्यात लाज मानायची नाही. अण्णारावांनी हात वर करायला सांगितले आणि सगळ्या पारानं हात वर केले, आप्पांनीसुद्धा. एकट्या धोंडीबातात्यांनी केला नाही.

"का रं, धोंडीबा?" अण्णाराव म्हणाले. "तूच तर तिला घिऊन गेला हुतास."

"न्हेली. पुन्यांदा बी न्हेईन," तात्या म्हणाले. "पण माझी म्हातारी गेली तवा नेम चांगला हुता. वाण्याची लेक गेली आन् एका सकाळीत नेम वाईट झाला. हात कशापायी वर करू म्या?"

बैठक उठली. नवं कलम वहीत मीच लिहिलं.

घरी न जाता मी पाटलांच्या वाड्यात गेले. धोंडीबातात्या दमणीच्या फळ्या राखेनं घासत होते. डाग लाकडात मुरला होता. मी म्हणाले, "तात्या, चैत्रात तुमची पायली मी घालते. मला मामा खाऊला पैसे देतो, त्यातून घेईन."

"आन् बिभीषणाच्या घरची?"

"ती पण."

"किती घरांची घालशील?"

यादीत दोनशे अठरा नावं होती, मला सगळी तोंडपाठ. यादीबाहेर किती, ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी वही उघडली, मागचं कोरं पान काढलं. "सांगा," मी म्हणाले. "ज्यांची लिहिली नाहीत त्यांची सगळ्यांची नावं सांगा. मी पुढच्या बैठकीत वाचते."

त्यांनी घासायचं थांबवलं. माझ्याकडं बघितलं, मी थट्टा करतेय का ते पाहिल्यासारखं.

"लिव्ह. विठाबाई."

"त्या तर गेल्या, तात्या."

"तू इचारलंस, लिव्हली न्हाईत ती कोन. लिव्ह."

मी लिहिलं. खाली गौराक्काचं लिहायला पेन्सिल टेकवली, पण तात्या पुढचं नाव सांगायला लागले होते, आणि ते सावकाश सांगणारे नव्हते.